ओठांकडे बघ

१

त्या वर्षी सकाळी घरातून सगळ्यात शेवटी मी निघत असे. नवरा पुलांच्या तपासणीचं काम करतो, त्यामुळे तो बहुधा दौऱ्यावर. ठकीला बालवाडीत सोडायचं, परत येऊन गॅस, नळ, खिडक्या बघायच्या, वकिलाच्या वाटीत पाणी भरायचं, त्याला "येते रे" म्हणायचं आणि दार ओढून घ्यायचं. वकील म्हणजे आमचा पोपट. राखाडी अंगरखा, मान तिरकी करून समोरच्याला जोखायची सवय, आणि सगळं ऐकून घेतल्याशिवाय तोंड उघडायचं नाही असा चेहरा. नवऱ्याने पहिल्याच दिवशी त्याचं बारसं केलं. "फी फक्त दाण्यांत," म्हणाला.

वकील माझ्या मावशीचा. मावशी गेली तेव्हा तिच्या भांड्यांना, पुस्तकांना, कपाटाला घरं मिळाली, पण पिंजऱ्याकडे सगळे नातेवाईक लांबूनच बघत होते. मी हो म्हटलं, कारण माझं कामच तसं. मी रेडिओवर एक कार्यक्रम लिहिते आणि वाचते. जगातल्या विचित्र पण खऱ्या गोष्टी. नाचायला लागलेली माणसं थांबेनाशी झाली ते गाव, काकवीची टाकी फुटून भर रस्त्यात माणसं बुडाली ते शहर, अर्ध्या मेंदूने झोपणारे पक्षी. माझा नियम एकच. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाल्याशिवाय गोष्ट माईकपुढे न्यायची नाही.

पोपटाचीही एक गोष्ट मी वाचली होती. एका प्रवाशाला म्हणे एक म्हातारा पोपट दाखवण्यात आला. तो काय बोलतो ते कुणालाच कळत नव्हतं, कारण ती भाषा बोलणारी जमात संपली होती. तिचे शेवटचे शब्द एवढ्या एका चोचीत उरले होते. ही गोष्ट कितपत खरी यावर जाणकारांचं एकमत नाही, म्हणून मी ती वाचताना 'म्हणे' हा शब्द ठासून वाचला. त्यानंतर मात्र जे वाचलं त्याबद्दल कुणाचंच दुमत नाही: पोपट शब्द घडवत नाही, कानावर पडलेलेच परत देतो.

वकील परत देत असे ते आवाज थोडे होते. किटलीची शिटी. कात्रीची कचकच. टेबलावर बोटांच्या पेरांनी केलेली टकटक. मावशी माणसांना अशीच हाक मारायची. घशाच्या ऑपरेशनमध्ये तिचा आवाज कायमचा गेला होता, आणि पोपट तिने आणला तो त्यानंतर कितीतरी काळाने, सोबत म्हणून. आणला तेव्हा पिल्लूच होता. त्याच्याकडे माणसाचा शब्द एकही नव्हता. कुठून असणार?

२

ठकी माझी मुलगी. तिला पाचवं वर्ष लागलं होतं आणि ती बोलत नव्हती.

कान उत्तम. हाक मारली की वळायची, चेंडू आण म्हटलं की आणायची, विनोद केला की आपण हसायच्या आधी हसायची. पण तोंडातून शब्द नाही. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या करून "वाट बघा" असं सांगितलं होतं. आठवड्यातून एकदा आम्ही थेरपिस्ट बाईंकडे जायचो. त्या आरशासमोर बसवून ठकीकडून फुंकर, शिट्टी, गाल फुगवणं असले खेळ करून घ्यायच्या. "बाळ रिकामं नाहीये, भरलेलं आहे. झाकण निघायचंय," असं त्या म्हणाल्या होत्या. मी ते वाक्य तावीजासारखं जपून ठेवलं होतं.

जिची आई रेडिओवर बोलून पोट भरते तिची मुलगी मुकी, हा विनोद माझ्या तोंडावर कुणी केला नाही. मागून केला असेल.

दुपारी तिला घेऊन मी घरी यायचे. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, लहानच. जिन्यावरून दार उघडलं की बाहेरची खोली, तिच्यात पिंजरा, ठकीची खेळणी, आणि मावशीकडूनच आलेली एक वेताची खुर्ची. त्या खोलीतून एक दार स्वयंपाकघरात. पलीकडे झोपायची खोली. एवढंच.

त्या दिवशी मी बूट काढत होते. ठकी पिंजऱ्यापाशी उभी होती. वकिलाने मान तिरकी केली आणि बाईच्या आवाजात, शांतपणे, न घाई करता म्हणाला,

"ओठांकडे बघ."

मी एका पायात बूट घेऊन तशीच उभी राहिले. तो पुन्हा म्हणाला. शब्द स्वच्छ, 'ठ' अगदी जिथल्या तिथे. मग थोडा थांबला आणि म्हणाला, "हं. आता म्हण."

पोपटाला ओठ नसतात. त्या क्षणी माझ्या डोक्यात पहिला विचार हाच आला, आणि मला हसू फुटलं. ठकीही हसली. ती मात्र पोपटाकडे बघत नव्हती.

३

मी घाबरले नाही. ज्याचा उगम सापडत नाही अशा गोष्टींवरच माझं घर चालतं. उगम बहुतेक वेळा साधा निघतो.

मीच म्हणाले असेन, हा पहिला अंदाज. ठकीला शिकवताना माणूस दिवसभरात काय काय बोलतो, सगळं कुठं लक्षात राहतं? पण मी 'माझ्याकडे बघ' म्हणते. थेरपिस्ट बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "ओठांकडे? नाही हो. तसं सांगितलं की मुलं बावरतात. आम्ही आरसा देतो." नवऱ्याला फोन केला. तो पलीकडे कुठल्यातरी पुलाखाली उभा होता, वाऱ्याचा आवाज येत होता.

"रेडिओवर ऐकलं असेल त्याने," तो म्हणाला.

"आपल्या घरात रेडिओ नाहीये. हलवायाच्या घरी गोड नसतं तसं."

"मग शेजारी?"

आमच्या खालच्या मजल्यावर एक घड्याळजी राहायचे. दुकान घरातच, खिडकीशी टेबल, डोळ्याला भिंग लावून दिवसभर तिथेच. आमच्या वर गच्ची. बाजूला शेजार नाही. मी त्यांच्याकडे जाऊन आधी पोपटाच्या आवाजाबद्दल माफी मागितली, म्हणजे विषय निघेल.

"पोपट कुठला, ऐकूही येत नाही," ते म्हणाले. "सकाळी बाईंचा आवाज येतो तेवढाच. फार छान शिकवतात. एक शब्द पन्नासदा सांगतील, पण आवाजाला कड नाही. मुलीसाठी ठेवलंत का त्यांना?"

"सकाळी मुलगी शाळेत असते, काका."

त्यांनी भिंग डोळ्यावरून काढलं. "हो का. मग तुमचा पोपटच असणार," ते म्हणाले आणि पुन्हा कामाला लागले.

तेच. पोपटच. एकांतात पोपट सराव करतात, हे मी स्वतः वाचून दाखवलेलं आहे. जिना चढताना मी हे स्वतःला इतक्या वेळा समजावलं की दारापर्यंत पोचताना दम लागला. किल्ली लावण्याआधी मी दाराला कान लावला. आत शांत होतं. म्हणजे आधी काही चालू होतं आणि आता थांबलंय, तशी शांतता.

४

आईला मी हे सांगितलं नसतं, पण नवऱ्याने फोनवर सांगून टाकलं. ती दुसऱ्याच दिवशी आली, चप्पलही नीट न काढता पिंजऱ्यासमोर जाऊन बसली. मावशी तिची थोरली बहीण. ऑपरेशन झाल्यापासून आईने तिचा आवाज ऐकलेला नव्हता. कुणी जपूनही ठेवलेला नव्हता. त्या काळी कोण जपणार.

"बोल रे राजा," आई पोपटाला म्हणाली. "ताई कशी बोलायची सांग."

तिचा हट्ट बघून मला वाईट वाटत होतं. मावशीचा आवाज त्या पक्ष्याने ऐकणंच शक्य नव्हतं. पण तिला ते समजावून सांगायची माझी हिंमत झाली नाही. आम्ही चहा घेतला, ठकीने आजीच्या पदराशी खेळून घेतलं. ऊन खिडकीतून निम्म्या खोलीपर्यंत आलं. मग वकिलाने पंख झाडले.

"ओठांकडे बघ. हं. आता म्हण. घाई नाही."

'घाई नाही' नवीन होतं. तो आधी हे म्हणत नव्हता.

आईचा चेहरा मी बघत होते. आधी तो उजळला, मग सावकाश विझला. तिने कप खाली ठेवला.

"हा ताईचा नाही."

"अगं, कसा असेल तिचा? तिला तर..."

"ते कळतं मला. तरी वाटलं." तिने पदर सावरला. "शेवटी शेवटी मी जायचे ना तिच्याकडे, तेव्हा ती पिंजऱ्याशेजारी बसून नुसते ओठ हलवत असायची. आवाज नाही काही नाही, ओठ मात्र चालू. मला वाटायचं पोपटाला शिकवतेय. बिचारी, कशाने शिकवणार."

"मग?"

"तोंड पोपटाकडे नसायचं गं तिचं." आईने वेताच्या खुर्चीकडे बघितलं आणि लगेच नजर काढून घेतली. "खुर्चीकडे असायचं. आणि शिकवणारं माणूस कसं, एकदा सांगून थांबतं. ती थांबायची आधी. मग हलवायची. शिकणाऱ्यासारखी."

निघताना आईने ठकीला जवळ घेतलं, तिचे केस मागे सारले आणि मला म्हणाली, "माझ्याकडे येऊन राहा थोडे दिवस." मी म्हटलं, कामं आहेत. कामं होतीच.

५

मी दुजोऱ्याच्या मागे लागले. सकाळी निघताना खेळण्यांच्या टोपलीमागे रेकॉर्डर ठेवला, आणि दुपारी तो तसाच स्टुडिओत घेऊन गेले. आमचा रेकॉर्डिस्ट माझा जुना दोस्त. आवाज ऐकताना तो डोळे मिटतो आणि जबडा हलवतो, जणू चावून बघतोय. मी त्याला काही सांगितलं नाही. पोपटाचा सराव आहे, कार्यक्रमात वापरायचाय, एवढंच म्हटलं.

आधी माझा "येते रे", मग दार. मग बराच वेळ रस्त्याची घरघर, वाटीवर चोच. मग वकील. "घाई नाही." मध्ये खंड. "आता म्हण." खंड. दुसरं काहीही नाही. पोपट आणि रिकामी खोली. माझ्या खांद्यावरचं ओझं उतरलं. मी खुर्चीतून उठलेसुद्धा.

"थांब जरा," रेकॉर्डिस्ट म्हणाला. "हा पक्षी सराव नाही करत. उत्तर देतोय."

"कुणाला?"

"ते तू सांग. खंड बघ ना. कधी लहान, कधी मोठा. समोरच्याचं बोलणं संपेपर्यंत थांबावं तसा." त्याने तेवढाच भाग पुन्हा लावला, आवाज वाढवला. "आणि हे ऐक. खंडात रस्त्याचा आवाज कमी होतो."

"ट्रॅफिक थांबली असेल."

"दर वेळी? आणि फक्त वरच्या पट्टीतलाच आवाज कमी?" त्याने माईकसमोर आपला तळवा धरला आणि काढला, पुन्हा धरला. हेडफोनमध्ये खोली बंद झाल्यासारखी वाटली आणि उघडली. "असं होतं. माईक आणि खिडकी यांच्यामध्ये काही येऊन उभं राहिलं की. कपाट वगैरे सरकवलंत का तुम्ही?"

मी म्हटलं, हो, सरकवलं.

त्याने डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. रेकॉर्डर माझ्या हातात परत देताना तो म्हणाला, "हे मी ठेवून घेत नाही, बरं का." एरवी तो कुठलाच आवाज टाकून देत नाही.

६

त्याच आठवड्यात ठकी बोलली.

दुपारची जेवणं झाली होती. मी स्वयंपाकघरात भांडी घासत होते, ती बाहेरच्या खोलीत जमिनीवर मांडी घालून बसली होती. मधलं दार उघडं होतं. पाण्याच्या आवाजात मला आधी कळलंच नाही. मग पुन्हा ऐकू आलं.

"आई, दार लाव."

माझ्या हातातला पेला सिंकमध्ये गेला. ती माझ्याकडेच बघत होती. गंभीर, थोडी वैतागलेली, मोठ्या माणसाला एकच गोष्ट दोनदा सांगावी लागल्यासारखी. तिच्या जन्मापासून ज्या शब्दाची मी वाट बघत होते तो त्या वाक्याच्या तोंडाशीच होता, आणि मी धावत जाऊन तिला ओल्या हातांनी उचलून घेतलं, तिच्या गालांचे मुके घेतले, रडले, हसले. तिने ते सगळं सहन केलं. मग खाली उतरून मला गुडघ्यापाशी धरून स्वयंपाकघराकडे ढकललं.

"दार लाव."

मी स्वयंपाकघरात गेले. दार लावलं. माझ्या मुलीने पहिल्यांदा काहीतरी मागितलं होतं. ती मागेल तेवढं द्यायला मी तयार होते. दाराला पाठ लावून मी उभी राहिले, तोंडावर हात धरून. पलीकडे ती बोलत होती. एकेक शब्द. दार. पाणी. खिडकी. बोट. प्रत्येक शब्दाआधी थोडी शांतता. आणि शब्द जमला की ती हसायची, शाबासकी मिळाल्यावर हसतात तशी.

वकील त्या दिवशी एकदाही बोलला नाही.

नवरा दौरा अर्धा टाकून आला. तिने त्याला "बाबा" म्हटलं तेव्हा तो दोन जिने चढून आलेला, खांद्यावर पिशवी घेतलेला माणूस उंबऱ्यातच खाली बसला. थेरपिस्ट बाईंनीही मुलीला जवळ घेतलं. मग मला बाजूला बोलावून म्हणाल्या, "कुणी शिकवलं हिला? उच्चार फार निगुतीने घडवलेत."

"आपोआप," मी म्हटलं.

"असेल. फक्त एक सवय मोडा. बोलायच्या आधी ती वर बघून थांबते. कुणी सांगेल म्हणून." त्या हसल्या. "इथे कुणी सांगत नाही म्हणून माझ्याकडे दोन-तीन शब्दांपुढे गेलीच नाही लबाड."

७

नवरा पुन्हा कामावर गेला. दुपारी ठकीने सांगायचं, मी दार लावायचं, असा क्रम पडला. रोज नवे शब्द. मी स्वतःला म्हणायचे, एकांतात बोलणारी मुलं असतात. काल्पनिक सोबती असणं हे हुशारीचं लक्षण, यावर तर मी एक भाग केलाय.

एका दुपारी मी दार पूर्ण लावलं नाही. बोटभर फट ठेवली, आणि त्या फटीला डोळा लावून बसले.

ऊन भरपूर होतं. ठकी जमिनीवर, तोंड वर करून. तिच्या समोर वेताची खुर्ची. खुर्ची रिकामी होती. हे मी नीट सांगते, कारण मला तेव्हाही खात्री करून घ्यायची होती: खुर्चीत काही नव्हतं, तिच्या वेतांमधून पलीकडची भिंत दिसत होती. ठकीचे ओठ हलत होते. थांबत होते. हलत होते.

मग वकील दांडीवरून सरकत सरकत खुर्चीच्या बाजूला आला. पिंजऱ्याच्या गजांना डोकं टेकवलं आणि मान खाली घातली. विश्वासाच्या माणसाकडून पोपट मान खाजवून घेतो ती अशी. मला त्याने कधी हात लावू दिला नव्हता. त्याच्या मानेवरची पिसं मध्येच दुभंगली. एक बारीक वाट पडली, आतली पांढुरकी कातडी दिसली, आणि ती वाट मानेवरून खाली, पुन्हा वर, सावकाश फिरत राहिली. वकिलाने डोळे मिटले.

मी श्वास घेतला असेन. किंवा दार करकरलं असेल.

ठकीची नजर खुर्चीवरून उठली. आधी थोडी वर गेली. मग ती नजर बाजूला वळली आणि खोलीतून हळूहळू चालत यावं तशी माझ्याकडे सरकू लागली. तिची मानही तिच्यासोबत वळत होती. टेबलाशी आली. टोपलीशी आली. माझ्या फटीसमोर येऊन थांबली. माझ्या डोळ्यांपेक्षा बरीच वर.

फटीतलं ऊन मंद झालं.

मग दार लागलं. आपटलं नाही. झोपलेल्या मुलाच्या खोलीचं दार आई लावते तसं, मूठ फिरवून, खिटीचा आवाज होऊ नये याची काळजी घेऊन.

खिडक्या मी सकाळीच बंद केल्या होत्या.

८

त्यानंतर मी कसं दार ढकललं, ठकीला कसं उचललं, ते मला तुकड्यातुकड्यांतच आठवतं. ठकी माझ्या खांद्यावरून मागे बघत हात पसरून रडत होती, एवढं नक्की आठवतं. संध्याकाळच्या आत आम्ही आईकडे होतो. नवऱ्याने येऊन घराला कुलूप लावलं, वकिलाला पक्ष्यांच्या डॉक्टरांकडे ठेवलं. त्याने मला काही विचारलं नाही. पुलात तडा दिसला की आधी वाहतूक बंद करतात, कारणं मग शोधतात, असं तो म्हणाला.

पहिल्या दिवशी ठकी थोडं बोलली. "घरी," म्हणाली. "पाणी," म्हणाली. मग शब्द कमी होत गेले. वर बघून थांबायची, आणि थांबूनच राहायची. आईच्या घरातल्या प्रत्येक खोलीच्या दारात जाऊन उभी राहायची, आत बघायची, पुढच्या खोलीत जायची. मग तेही बंद केलं. पुढे पुढे ती हाक मारली तरी वळेना. हसेना. पूर्वी ती मुकी होती, पण आमची होती. आता ती गादीवर कुशीवर, भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, आणि तिचे ओठ हलायचे. आवाज नाही.

आईने ते पाहिलं आणि ती दुसऱ्या खोलीत निघून गेली.

"बोलणं आलेलं असं गेलं की ते परत येईलच असं सांगता येत नाही," थेरपिस्ट बाई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात पहिल्यांदाच तावीज नव्हता. "काय बदललं घरात? जे होतं ते परत आणता येईल का बघा."

त्या रात्री आम्ही दोघं जेवणाच्या टेबलाशी बसलो होतो.

"तू पाहिलंस ते मी मानतो," नवरा म्हणाला. "पण त्याने तिला काही केलं का? इजा?"

"नाही."

"मावशीला?"

"माहीत नाही. मावशी म्हातारी होऊन झोपेत गेली."

तो टेबलावरच्या डागावरून बोट फिरवत राहिला. "मला 'बाबा' म्हणाली होती," तो म्हणाला. माझं सगळं आयुष्य खरं काय ते शोधण्यात गेलं होतं. आता खरं काय ते ठाऊक होतं, आणि करायचं काय हाच प्रश्न होता.

९

डॉक्टरांकडे वकिलाने छातीवरची पिसं उपटून काढली होती. चकार शब्द बोलला नाही, असं त्यांनी सांगितलं. मी पिंजरा एका हातात घेतला, ठकीचं बोट दुसऱ्या हातात, आणि आम्ही जिना चढलो. घड्याळजींच्या दारावरून जाताना ठकीची पावलं भरभर पडायला लागली.

घरात कोंदट वास होता. खुर्ची जिथल्या तिथे होती. ठकी उंबऱ्यात उभी राहिली, खोलीभर बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू उमटलं. धावत गेली, जमिनीवर बसली, मांडी घातली. तोंड वर केलं. मग तिला माझी आठवण झाली.

"आई," ती म्हणाली, "दार लाव."

मी दारातच उभी होते. तिला उचलून पुन्हा खाली पळावं, असं माझ्या पायांना वाटत होतं. पण तो शब्द कानात शिरला होता आणि तो काढून टाकणं मला जमलं नाही. पिंजरा मी आत ठेवला नाही. का, ते नीट सांगता येणार नाही. निदान आतून जे ऐकू येईल ते पोपटाचं नाही एवढं तरी मला कळायला हवं होतं. पिंजरा घेऊन मी जिन्यावर बाहेर आले, आणि दार ओढून घेतलं.

वरच्या पायरीवर बसले. पिंजरा मांडीवर. वकील दाराकडे तोंड करून स्थिर बसला होता. बराच वेळ काही नाही. मग ठकीचा आवाज. एक शब्द, मग दोन, मग गळ्यात अडकलेलं सगळं एकदम सुटावं तशी वाक्यं. आजीच्या घराबद्दल सांगत होती. भिंतीवरच्या भेगेबद्दल सांगत होती. मध्ये थांबत होती, "हो", "नाही", "मग?" म्हणत होती. माझ्या मुलीला इतकं सगळं सांगायचं होतं, हे मला माहीतच नव्हतं.

नवरा खालून वर येत होता, सामानाच्या पिशव्या घेऊन. मला जिन्यावर बसलेली बघून त्याचा चेहरा उतरला. मग त्याने ऐकलं. पिशव्या हळूच खाली ठेवल्या.

"बोलतेय," तो म्हणाला. डोळे भरून आले होते त्याचे.

"हो."

आत ठकी कशावर तरी खळखळून हसली. आणि तिच्या हसण्यात मिसळून, तिच्यासोबतच, आणखी कुणीतरी हसलं. हलकं, समाधानी, बाईमाणसाचं हसू.

नवऱ्याने पिंजऱ्याकडे पाहिलं. वकिलाची चोच मिटलेली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं. मी उठून हात दाराच्या मुठीवर ठेवला. आतलं हसू थांबलं.

"आई, अजून नको," ठकी दारापलीकडून म्हणाली, अगदी स्पष्ट, समजुतीच्या सुरात. "आमचं संपलं नाही अजून."

मी हात काढून घेतला. पायरीवर परत बसले, आणि नवऱ्याला बसता यावं म्हणून थोडी सरकले.